वरळीतला दुसरा संघ

४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, एनबीएचे दोन हंगामपूर्व सामने झाले. भारतभूमीवर झालेले एनबीएचे हे पहिलेच सामने. सॅक्रमेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले, आणि एनबीएतील एखाद्या संघाची बहुसंख्य मालकी मिळवणारे भारतात जन्मलेले पहिले गृहस्थ. त्यामुळे त्या दोन दिवसांत ‘आपला माणूस’ हा शब्दप्रयोग पुष्कळांच्या तोंडी होता. तो आमच्याही तोंडी होता, हे आधीच कबूल करून टाकतो. दोन्ही सामने पेसर्सनी जिंकले. त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. आम्हीही दिले नाही.

या जुन्या प्रसंगाची आठवण होण्याचे कारण एक व्याख्यान. आमच्या महाविद्यालयात व्यवस्थापनशास्त्रावर बोलण्यासाठी एक पाहुणे आले होते. ‘उत्तम चालवलेली संस्था’ म्हणजे काय, हे सांगताना त्यांनी किंग्जचे उदाहरण पडद्यावर दाखवले. २०१३ मध्ये ५३ कोटी ४० लाख डॉलर मूल्यांकनावर घेतलेला हा संघ आज त्याच्या कित्येक पट किमतीचा आहे. उत्तम कारभाराचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा, असा त्यांचा सवाल होता. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत बसलेल्या, मराठी शिकवणाऱ्या आम्हा दोघांना मात्र टाळी वाजवता आली नाही.

मराठीच्या प्राध्यापकांनी बास्केटबॉलच्या मालकीहक्कांविषयी लिहावे हे कोणाला विचित्र वाटेल. आम्ही दोघे गेली वीसेक वर्षे सकाळचे तास सुरू होण्यापूर्वी हे सामने पाहत आलो आहोत, एवढा अधिकार आम्ही सांगू शकतो. पण खरे कारण वेगळे आहे. ‘चालवणे’ या क्रियापदाचा अर्थ आपल्या डोळ्यांदेखत बिघडतो आहे, आणि शब्दांचे अर्थ बिघडू लागले की ते आमच्या विषयाच्या हद्दीत येते. ‘संस्था चांगली चालली आहे’ असे आज म्हटले, तर प्रवेश पूर्ण भरले आहेत आणि इमारतीला नवा मजला चढतो आहे, एवढेच ऐकणाऱ्याला कळते. आत कोण काय शिकवतो आणि कोण काय शिकतो, हा प्रश्न त्या वाक्यात उरतच नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही त्या पाहुण्यांशी, त्यांच्याच उदाहरणाच्या आधारे, भांडणार आहोत.

प्रथम किमतीचा प्रश्न निकालात काढू. डोनाल्ड स्टर्लिंग यांनी १९८१ मध्ये क्लिपर्स हा संघ सुमारे सव्वा कोटी डॉलरना विकत घेतला. १९८१ ते २०११ या तीस वर्षांत हा संघ फक्त चार वेळा प्लेऑफमध्ये पोचला. क्लिपर्स हे नाव अमेरिकेत हास्यास्पद कारभाराचा समानार्थी शब्द झाले होते. पुढे वंशद्वेषी उद्गारांची ध्वनिफीत बाहेर आल्यावर २०१४ मध्ये लीगने स्टर्लिंग यांच्यावर आजन्म बंदी घातली. आणि ज्याला लीगने उंबरठ्याबाहेर काढले, त्याचा संघ त्याच वर्षी स्टीव्ह बामर यांनी २०० कोटी डॉलरना घेतला. किंमत हाच पुरावा मानायचा, तर स्टर्लिंग हे अमेरिकन क्रीडाजगतातील एक थोर व्यवस्थापक ठरतात. तीस संघांची ही बंद मंडळी आहे. दूरचित्रवाणीचा पैसा सर्वांत वाटला जातो. नवा संघ क्वचितच जन्माला येतो. अशा मंडळीतील खुर्चीची किंमत वाढते ती खुर्ची दुर्मिळ असल्यामुळे, तिच्यावर बसणाऱ्याच्या गुणांमुळे नव्हे.

मग विजेतेपदे मोजावीत काय? तीही एकटी पुरत नाहीत. पण कारभाराची परीक्षा या खेळात इतर खेळांपेक्षा अधिक स्वच्छ होते, आणि त्याचे कारण लीगच्या नियमांत आहे. फ्रँचायझी हा शब्द आपल्याला आयपीएलच्या लिलावांमुळे परिचित झाला. एनबीएत नव्या खेळाडूंचा लिलाव होत नाही, ड्राफ्ट होतो. तळाच्या संघांना निवडीचा मान आधी मिळण्याची शक्यता जास्त असते आणि नेमका क्रम सोडतीने ठरतो. संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आहेत, त्या ओलांडणाऱ्याला जबर कर आहे, आणि एका खेळाडूला किती वेतन द्यावे यालाही कमाल सीमा आहे. म्हणजे श्रीमंताला हवे ते विकत घेण्याची मुभा नाही आणि दुबळ्याला दरसाल नव्याने आशा करण्याची सोय आहे. पैशाची वाट अशी अरुंद केल्यावर संघासंघांत फरक करणाऱ्या दोनच गोष्टी मुख्यतः उरतात : दैव आणि विवेक. दैवाचे काय करायचे ते पुढे पाहू.

आता सॅक्रमेंटो. रणदिवे यांचे श्रेय आम्ही आधी सांगतो, कारण ते मोठे आहे. २०१३ च्या आरंभी हा संघ सिअ‍ॅटलला हलवू पाहणाऱ्या गटाला विकण्याचा करार झाला होता. लीगच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारले आणि रणदिवे यांच्या गटाने तो विकत घेऊन सॅक्रमेंटोतच ठेवला. शहराच्या मध्यभागी नवे क्रीडागृह २०१६ मध्ये उभे राहिले. मार्च २०१८ मध्ये स्टीफन क्लार्क या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसांनी गोळ्या घातल्यानंतर निदर्शकांनी त्या क्रीडागृहाची दारे अडवली. बहुतेक प्रेक्षक आत पोचू शकले नाहीत. त्या रात्री सामना संपल्यावर रणदिवे मैदानावर आले आणि निदर्शकांविषयी आदराने बोलले. हे करायला धैर्य लागते. या माणसाची नियत वाईट आहे, असे आमचे म्हणणे अजिबात नाही.

आमचा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये एका लेखात, आणि पुढे २०१३ मध्ये पुस्तकात, रणदिवे यांची गोष्ट प्रसिद्ध केली. बास्केटबॉल कधीही न खेळलेल्या या उद्योजकाने आपल्या मुलीच्या, बारा वर्षांच्या मुलींच्या, संघाला प्रशिक्षण दिले. प्रतिपक्षाला मैदानभर अडवून धरण्याची युक्ती त्यांनी अवलंबली आणि संघाने राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत मजल मारली. गोष्ट सुरेख आहे, आणि तीच पुढच्या दुखण्याचे मूळ आहे. तज्ज्ञांना जे दिसत नाही ते बाहेरून आलेल्या बुद्धिमान माणसाला दिसते, हा तिचा बोध. बारा वर्षांच्या मुलींना चेंडू पुढे नेणेच अवघड जाते, म्हणून ती युक्ती चालली. एनबीएतला प्रत्येक चेंडूवाहक ती युक्ती शाळेतच मोडायला शिकलेला असतो. बाहेरच्या माणसाचे ताजे डोळे मोलाचे असतात हे खरे. पण त्यांना रोज काहीतरी नवे दिसू लागले, तर आतल्या माणसांना एकही काम पुरे करता येत नाही.

तसेच झाले. नव्या मालकांनी आधी प्रशिक्षक नेमला, माइक मलोन, आणि खेळाडू निवडणारा सरव्यवस्थापक त्यानंतर. घराचा आराखडा काढणाऱ्याला बोलावण्यापूर्वीच गवंडी ठरवावा, तसा हा क्रम. डिसेंबर २०१४ मध्ये संघाचा सर्वोत्तम खेळाडू डीमार्कस कझिन्स मेंदूज्वराने आजारी असताना, ११ विजय आणि १३ पराभव या टप्प्यावर, मलोन यांना काढून टाकण्यात आले. २०१३ ते २०२४ या काळात किंग्जच्या बाकावर आठ प्रशिक्षक येऊन बसले. प्रत्येकाची पद्धत वेगळी, प्रत्येकाचे लाडके खेळाडू वेगळे. काढून टाकलेल्या मलोन यांनी २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिले.

येथे दैवाचा मुद्दा येतो. ‘सॅक्रमेंटो दुर्दैवी आहे’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. २०१८ च्या सोडतीत सातव्या जागेवर अपेक्षित असलेला हा संघ उडी मारून दुसऱ्या क्रमांकावर आला. दैवाने दार ठोठावले ते असे. त्या वर्षी माद्रिदकडून खेळणारा एकोणीस वर्षांचा लुका डॉनचिच युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. निवडीचा अधिकार ज्यांच्याकडे होता ते व्लादे दिवाच स्वतः सर्बियातून आलेले, युरोपीय बास्केटबॉल जाणणारे. किंग्जनी मार्विन बॅगलीला निवडले. बॅगली चार वर्षांच्या आत संघाबाहेर गेला. डॉनचिच २०२० ते २०२४ अशी ओळीने पाच वर्षे लीगच्या सर्वोत्तम पाचांत निवडला गेला. दैव आले होते. ते ओळखायला घरात कोणी स्वस्थचित्त नव्हते.

तरी २०२३ मध्ये चमत्कार वाटावा असे घडले. माइक ब्राउन यांच्या हाताखाली संघाने ४८ सामने जिंकले आणि सोळा हंगामांचा प्लेऑफचा दुष्काळ, एनबीएच्या इतिहासातला सर्वांत लांब, संपवला. जून २०२४ च्या सुमारास ब्राउन यांचा करार वाढवण्यात आला. त्याच वर्षी २७ डिसेंबरला त्यांना काढण्यात आले. फेब्रुवारीत संघाचा म्होरक्या डीआरन फॉक्स गेला. एप्रिल २०२५ मध्ये सरव्यवस्थापकही गेले. चार महिन्यांत प्रशिक्षक, नायक आणि सूत्रधार, तिघेही! सोळा वर्षांनी उगवलेले झाड मूळ धरले आहे की नाही हे पाहण्यासाठी ते उपटून पाहावे, तसा हा कारभार.

फॉक्स गेला तो सॅन अँटोनियोला. हा योगायोग आम्हाला सोयीचा आहे, कारण तुलना तिथेच करायची आहे. सॅन अँटोनियो हेही न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसच्या मानाने लहान क्रीडाबाजार, तिथेही शहराची क्रीडाओळख या एका संघाने घडवलेली. १९९९ ते २०१४ या काळात स्पर्सनी पाच विजेतेपदे मिळवली आणि १९९८ ते २०१९ असे सलग बावीस हंगाम प्लेऑफ गाठली. यावर ठरलेला आक्षेप असा, की १९९७ च्या सोडतीत त्यांना टिम डंकन मिळाला. बाकी सगळे आपोआप झाले.

डंकन हे दैव होते, हे मान्य. पण पुढचे तपशील पाहावेत. १९९९ चा हंगाम मालक-खेळाडू वादामुळे छोटा झाला होता. डंकन संघात होता, डेव्हिड रॉबिन्सन होता, आणि स्पर्सची सुरुवात ६ विजय, ८ पराभव अशी झाली. प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी पहिल्या प्रशिक्षकाला दूर करून स्वतःलाच नेमले होते. गावात त्यांच्याविषयी प्रेम नव्हते. त्यांना काढा अशी ओरड सुरू होती. त्यांना काढले नाही. उरलेल्या ३६ सामन्यांपैकी ३१ जिंकून संघाने पहिले विजेतेपद घेतले. सहा-आठवर थांबलेली एक संस्था आणि अकरा-तेरावर न थांबलेली दुसरी : आमचा सगळा युक्तिवाद या दोन आकड्यांत मावतो. पोपोविच डिसेंबर १९९६ मध्ये बाकावर बसले ते मे २०२५ मध्ये, पक्षाघाताच्या झटक्यानंतर, अधिकृतपणे उठले. तेवढ्या काळात स्पर्सचे मालक कोण, हे बहुतेक प्रेक्षकांना सांगता आले नसते. त्या मालकांची आम्ही करू शकू अशी सर्वांत मोठी स्तुती हीच.

शिवाय डंकनच्या शेजारी जे उभे राहिले ते दैवाने दिलेले नव्हते. मनू जिनोबिली १९९९ मध्ये ५७ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्या वर्षी एकूण निवडीच ५८ होत्या. टोनी पार्कर २००१ मध्ये २८ वा. अर्जेंटिना आणि फ्रान्समधली ही मुले इतर संघांनाही दिसू शकत होती. काव्हाय लेनर्डला मिळवण्यासाठी २०११ मध्ये त्यांनी जॉर्ज हिल हा पोपोविचचा आवडता खेळाडू इंडियानाला दिला. लेनर्डची फेक सदोष होती. चिप एंगेलंड या फेकीच्या शिक्षकाने ती घासूनपुसून नीट केली. एखादा साक्षेपी संपादक हस्तलिखित परत पाठवतो, पुन्हा पाठवतो, आणि लेखक स्वतःच्याच उंचीला पोचतो, तसे हे काम. त्याची बातमी होत नाही. तीन वर्षांनी लेनर्ड अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा त्याचे वय २२ होते.

आणि पराभव. १८ जून २०१३, मायामी, अंतिम मालिकेचा सहावा सामना. शेवटच्या अर्ध्या मिनिटात स्पर्स पाच गुणांनी पुढे होते. विजेतेपदाची पिवळी दोरी मैदानाभोवती बांधली जात होती. ५.२ सेकंद उरले असताना रे ॲलनने कोपऱ्यातून तीन गुणांची फेक टाकली. सामना गेला, पाठोपाठ मालिका गेली. संघाचे आधारस्तंभ तिशी ओलांडलेले. अशा वेळी कोणताही चतुर मालक ‘आता बदल हवा’ म्हणाला असता. स्पर्सनी तोच प्रशिक्षक, तेच प्रमुख खेळाडू ठेवले आणि पुढच्या वर्षी त्याच मायामीला ४-१ असे हरवले. पराभवाचा अर्थ लावता येणे, तो खेळातल्या चुकीचा आहे की माणसांतल्या उणिवेचा की निव्वळ एका चेंडूचा हे वेगळे करता येणे, याला आम्ही कारभार म्हणतो.

स्पर्सना देव्हाऱ्यात बसवण्याचा आमचा हेतू नाही. २०१७-१८ मध्ये लेनर्डच्या दुखापतीवरून त्याचा संघाच्या वैद्यांवरचा विश्वास उडाला आणि तो गेला. ज्या घराला आपल्या माणुसकीचा अभिमान होता, तिथेच संवाद तुटला. त्यानंतरच्या पडत्या हंगामांत, २०२२-२३ मध्ये ६० पराभव स्वीकारताना, हा संघ मुद्दाम हरतो आहे काय, असा प्रश्न रास्तपणे विचारला गेला. त्या पराभवांनंतर सोडतीत व्हिक्टर वेम्बान्यामा हाती लागला, म्हणून तो प्रश्न चुकीचा ठरत नाही.

मुद्दाम हरण्याचे तत्त्वज्ञान मात्र फिलाडेल्फियाचे. सॅम हिंकी यांनी २०१३ पासून तीन हंगाम संघ जाणूनबुजून दुबळा ठेवला : आज हरा, वरच्या निवडी मिळवा, उद्या जिंका. २४६ सामन्यांत ४७ विजय, १९९ पराभव. तर्क बिनचूक होता. जोएल एम्बीड मिळाला आणि तो २०२३ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. पण २०२५ पर्यंत हा संघ प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीपलीकडे गेला नाही. आमचा आक्षेप या निष्फळतेवर नाही. तर्क फळला असता तरी आम्ही तो घेतला असता. तिकीट काढून आलेला बाप मुलाला शेजारी बसवून जो सामना पाहतो, तो त्याच्यासाठी आजचा असतो. त्याचा आज विकून आपला उद्या घेण्याचा अधिकार संस्थेला कोणी दिला? आणि तीन वर्षे हरण्यासाठीच मैदानात उतरवलेल्या वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी त्या काळात नेमके काय शिकायचे?

एक प्रामाणिक आक्षेप उरतो. मालकाने हात आखडता घ्यावा हेच सूत्र असेल, तर डलासचे काय? तिथे नव्या मालकांनी सरव्यवस्थापक निको हॅरिसन यांच्यावर विश्वास टाकला आणि त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये, संघ अंतिम फेरीत खेळल्यानंतर आठ महिन्यांनी, त्याच डॉनचिचला लेकर्सकडे पाठवले. बोलणी एकाच संघाशी, गुप्तपणे. गाव संतापले, नोव्हेंबरमध्ये हॅरिसन यांनाही जावे लागले. याचे उत्तर असे, की विश्वास टाकणे म्हणजे पाठ फिरवणे नव्हे. पोपोविच आणि त्यांचे सहकारी आर. सी. बुफर्ड यांच्यात मतभेदाला जागा होती; एकाचे म्हणणे दुसरा तोलत असे. जिथे ‘नाही’ म्हणणारा माणूस खोलीत नसतो, तिथे मालक बोलका असो वा मुका, परिणाम सारखाच.

आता वरळीकडे परत येऊ. त्या दिवशी मैदानात उतरलेल्या दुसऱ्या संघाची गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. पेसर्स १९७७ मध्ये बुडायच्या बेतात होते. इंडियानापोलिसच्या लोकांसाठी दूरचित्रवाणीवर आवाहनाचा अखंड कार्यक्रम झाला आणि आठ हजार हंगामी तिकिटे खपवून गावाने संघ वाचवला. १९८३ पासून तो सायमन कुटुंबाकडे आहे. २०१० मध्ये दहाव्या क्रमांकावर निवडलेला पॉल जॉर्ज २०१७ मध्ये जातो म्हणाला, तेव्हा त्याच्या बदल्यात त्यांनी ओक्लाहोमा सिटीकडून व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमांटास सबोनिस घेतले, लोक हसले. वरळीत आलेल्या पेसर्समध्ये सबोनिस होता. २०२२ मध्ये तोच सबोनिस किंग्जना देऊन पेसर्सनी टायरीस हॅलिबर्टन घेतला. आणि २०२५ मध्ये हॅलिबर्टनचा संघ अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत पोचला. समोर ओक्लाहोमा सिटी; त्यांचा नायक शे गिलजस-अलेक्झांडर हाही २०१९ मध्ये पॉल जॉर्जच्याच बदल्यात आलेला. सोडून जाणाऱ्या एकाच माणसाच्या रिकाम्या जागेतून दोन घरांनी आपापले भविष्य उभे केले होते.

ओक्लाहोमा सिटी जिंकले. त्यांचे सूत्रधार सॅम प्रेस्टी सॅन अँटोनियोतच घडलेले. पण तो संघ २००८ मध्ये सिअ‍ॅटलमधून उचलून नेलेला आहे, चार दशकांच्या आठवणींसह. त्या शहराच्या दृष्टीने त्याला कोणी ‘उत्तम चालवलेला’ म्हणेल असे आम्हाला वाटत नाही. म्हणून सॅक्रमेंटोत संघ राखल्याचे रणदिवे यांचे श्रेय आम्ही पुन्हा एकदा नोंदवतो. संघ गावात ठेवणे ही पहिली पायरी. गावाने दिलेला वेळ वाया न घालवणे ही दुसरी, आणि ती रोज चढावी लागते.

वरळीत आम्ही एका बाकाकडे पाहत होतो, कारण त्यामागचे आडनाव ओळखीचे होते. शिकण्यासारखे जे होते ते दुसऱ्या बाकावर बसले होते. आमच्या पाहुण्यांनीही तेच केले : किंमत पाहिली, काम पाहिले नाही. पुढच्या वेळी कोणी आमच्या महाविद्यालयाविषयी ‘चांगले चालले आहे’ असे म्हणेल, तेव्हा आम्ही तीन गोष्टी विचारणार आहोत. वाईट वर्षानंतर येथे कोणाला थांबू दिले जाते? ५७ व्या क्रमांकावर आलेल्या पोराकडे येथे कोण पाहतो? आणि वरिष्ठांसमोर ‘नाही’ म्हणणारा माणूस अजून नोकरीत आहे काय? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही मूल्यांकन अहवालात छापलेली नसतात, पण संस्थेत रोज येणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असतात.